कशेळीच्या खाडीवरचे पाहुणे

भाद्रपदाचा शुद्धपक्ष गौरीगणपतींच्या गडबडीत निघून जातो, आणि वद्यपक्षात घरोघर श्राद्धतिथींची जुळवाजुळव चालू असते. या धांदलीत आपल्या डोक्यावरून केवढा मोठा प्रवास चालला आहे याची दादही आपणांस नसते. अगस्त्याचा तारा पहाटे दक्षिणेस दिसू लागला म्हणजे नद्यांचे गढूळ पाणी निवळते, अशी आपल्या पूर्वजांची समजूत होती. तारा पाणी निवळवीत नसला तरी या दोन गोष्टी एकाच सुमारास घडतात हे त्यांनी बरोबर हेरले होते. त्यांच्या जोडीने घडणारी तिसरी गोष्ट म्हणजे उत्तरेकडील पाणपक्ष्यांचे आगमन. सैबेरियातील थंड माळ, तिबेटचे पठार, मध्य आशियातील सरोवरे येथे उन्हाळ्यात पिले वाढवून हे पक्षी श्रावणाच्या अखेरीपासून आपल्या किनाऱ्यावर उतरू लागतात. पंचांगात त्यांची नोंद नाही; परंतु पंचांगाच्या बाहेर ते सहसा जात नाहीत.

या पाहुण्यांची भेट घ्यावी म्हणून आम्ही व आमचे दोन स्नेही, हस्त नक्षत्र लागल्यावर, भाद्रपद वद्य सप्तमीस कशेळीस गेलो. कशेळी म्हणताच आमच्या पुष्कळ वाचकांच्या डोळ्यांपुढे राजापूर तालुक्यातील कनकादित्याचे देऊळ उभे राहील. ती ही कशेळी नव्हे. ही भिवंडी तालुक्यातली. ठाण्याहून भिवंडीच्या जुन्या रस्त्याने निघाले की बाळकुमच्या पुढे खाडीवरील पूल लागतो आणि पुलाच्या पलीकडच्या अंगास हे गाव येते. पुलाखालचे पाणी उल्हास नदीचे. सह्याद्रीच्या कुशीतून निघून बदलापूर, कल्याण अशी गावे घेत आलेली ही नदी येथवर येते ती नदी म्हणून नव्हे, खाडी म्हणून. समुद्राचे तोंड वसईस असले तरी त्याचे पाणी दिवसातून दोन वेळा येथे येऊन परत जाते.

इतिहासाची आवड असणाऱ्यांस हे पाणी अनोळखी नाही. कल्याण-भिवंडी शिवाजीमहाराजांनी १६५७ साली घेतली आणि मराठी आरमाराचा पाया याच भागात पडला. जवळच अंजूर आहे; पोर्तुगीजांविरुद्धच्या वसईच्या मोहिमेसाठी खटपट करणारे गंगाजी नाईक तेथले. आज मात्र कशेळी-काल्हेरचे नाव निघते ते गोदामांसाठी. रस्त्याच्या मधून ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोमार्गाचे खांब गेले आहेत, दोन्ही बाजूंस पत्र्यांची अवाढव्य छपरे आहेत, आणि आपण घरी बसून मागविलेली साडी, औषध अथवा मिक्सरचे भांडे यांपैकी पुष्कळसे या छपरांखाली एखादी तरी रात्र काढून आपल्या दारी येत असते. तेव्हा या गावाशी आपला संबंध नाही असे कोणी म्हणू नये.

दिवस सप्तमीचा निवडला यात धार्मिक हेतू नव्हता. कोकणातील दर्यावर्दी लोकांत भरतीची वेळ काढण्याची एक सोपी रीत आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. सप्तमीची पाऊणपट सव्वापाच. म्हणजे समुद्रकाठी सकाळी सव्वापाचाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. कशेळी तोंडापासून आत असल्याने येथे पाणी त्याहून उशिराने चढते. उजाडते वेळी खाडी तुडुंब असावी आणि दुपारपर्यंत तळ उघडा पडत जावा, असा हा बेत होता. पक्षी पाहावयाचे तर घड्याळापेक्षा पाण्याकडे पाहून निघावे लागते.

आमचे यजमान गावातील एक निवृत्त शिक्षक. सारा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, आम्हीही तसेच म्हणू. तीन भावांचे एकत्र कुटुंब, चूल एक, आणि खाडीच्या बांधालगत वडिलोपार्जित खाजणाची भातजमीन. गुरुजींनी पक्ष्यांवरची पुस्तके फारशी वाचलेली नाहीत. पण साठ वर्षे एकाच बांधावर फिरल्याने त्यांना जे ठाऊक आहे ते पुस्तकवाल्यांस विचारूनच घ्यावे लागेल. सोबत त्यांची सहावीत शिकणारी नात होती. तिच्या हातात शंभर पानी वही आणि आमच्या स्नेह्यांची दुर्बीण. ही दुर्बीण दिवसभरात तिने कोणास फारशी वापरू दिली नाही.

सव्वासहाला बांधावर पोहोचलो तेव्हा पाणी बांधाच्या निम्म्यावर लागले होते. पश्चिमेस येऊरचे डोंगर निळसर दिसत होते, आणि त्यांच्यापुढे बाळकुम-कोलशेतच्या उंच इमारतींतील दिवे अजून विझले नव्हते. प्रथमदर्शनी पक्षी असा एकही दिसेना. मग गुरुजींनी पाण्याकडे पाठ करून भाताच्या खाचराकडे बोट दाखविले. बांधाच्या आतील अंगास, कापणीस अजून अवधी असलेल्या भाताच्या कडेला, चिखलाची एक मोकळी पट्टी होती; तिच्यावर सुमारे दीडशे पक्षी एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून, सगळे वाऱ्याकडे तोंड करून उभे होते. शेकाट्यांचे लांब लाल पाय तेवढे चटकन ओळखू आले. बाकीचे चिखलाच्या रंगाचे. खाडीचा तळ पाण्याखाली असतो तोवर या मंडळींस जेवण नसते. तेव्हा ती अशी कोरड्या जागी येऊन विसावतात आणि ओहोटीची वाट पाहतात. ही गोष्ट पुढे आम्हांस महत्त्वाची वाटली, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

विजेच्या तारांवर माळभिंगऱ्या ओळीने बसल्या होत्या. त्याही उत्तरेकडून आलेल्या. बांधावरून एक करडा धोबी शेपूट हालवीत आमच्या पुढे पुढे चालला. हा हिमालयाकडचा पाहुणा भाद्रपदात कोकणात उतरतो आणि घराच्या अंगणात, ओढ्याच्या धोंड्यावर, कोठेही दिसतो. खाचराच्या बांधावर गायबगळे होते, वंचक होते. एक राखी बगळा इतका निश्चल उभा होता की नातीने त्यास आधी खुंटा म्हणून वहीत सोडून दिले होते. वर ब्राह्मणी घार घिरट्या घालीत होती. तांबूस अंग आणि पांढरे शुभ्र डोके अशी ही घार खाडीकाठी सर्वत्र आढळते. नावावरून आमच्या वाचकांनी फार हुरळून जाऊ नये. ही कोळ्यांच्या जाळ्यातून गळालेले मासे वेचीत हिंडते.

कावळ्यांविषयी एक शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. पितृपक्षात शहरातील गच्च्यांवरून पिंडास कावळा शिवत नाही म्हणून माणसे तासन्‌तास ताटकळतात. येथे खाडीवर ते शेकड्यांनी होते. त्यांचे अन्न येथे आहे, झाडे येथे आहेत. गच्चीवर त्यांनी का यावे?

साडेसातनंतर पाणी उतरू लागले. प्रथम बांधाच्या पायथ्याशी हातभर चिखल उघडा पडला, मग चार हात, मग एकदम एक लांबलचक तकतकीत पाठ पाण्यातून वर आली. खाचरातील पक्ष्यांना हे कसे कळले देव जाणे, कारण बांधामुळे त्यांना खाडी दिसत नव्हती. परंतु दहा मिनिटांत सगळे उठले, आमच्या डोक्यावरून शिट्या घालीत गेले आणि चिखलावर पसरले. तेथून पुढचे तीन तास आम्ही जे पाहिले त्याचे वर्णन पंगत या एकाच शब्दाने करता येईल. मात्र आपल्या पंगतीत सर्वांच्या पानात एकच पदार्थ वाढतात. येथे प्रत्येकाचे पान निराळे होते.

चिखलावर टिपणाऱ्या या पक्ष्यांच्या चोचींची लांबी ही त्यांच्या जीवनाची गुरुकिल्ली आहे. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो धावतो, थबकतो आणि पृष्ठभागावर हालचाल दिसताच टिपतो. छोट्या टिलव्याची चोच जराशी लांब. तो मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे चिखलात टोचे मारीत जातो. लाल पायांचा टिलवा बोटभर खोल जातो. मळगुज्याची सरळ लांब चोच मुळापर्यंत रुतते. आणि सर्वांत मोठा जो कोरल, त्याची विळ्यासारखी वाकलेली चोच खेकड्याच्या बिळात थेट शिरते. या चोचींच्या टोकाशी ज्ञानतंतू दाटलेले असतात, त्यामुळे अंधारातही बोटांनी चाचपावे तसे त्यांस चाचपता येते. शिवाय यांपैकी पुष्कळांना सबंध चोच न उघडता केवळ तिचे टोक चिमट्यासारखे उघडता येते. एकाच हातभर चिखलात पाच घरचे पाहुणे जेवत असूनही भांडण म्हणून नव्हते, याचे कारण हे असे आहे.

यांतील छोटा टिलवा हातात घेतला तर दोन-अडीच तोळे भरेल. उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड माळावर तो जन्मतो. प्रवासास निघण्यापूर्वी हे पक्षी खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवितात, आणि लांब उड्डाणे करणाऱ्या काही जातींत तर निघतेवेळी आतडी व जठर आक्रसून लहान होतात, म्हणजे वाटेत ज्यांचा उपयोग नाही ते ओझे ते घरीच कमी करतात. प्रवासाला निघताना वळकटीवर वळकटी बांधणाऱ्या आपल्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे. मळगुज्याच्या जातभाईने तर या बाबतीत कमाल केली आहे. पट्टेरी शेपटीच्या मळगुज्याच्या जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिलाच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे इवलेसे यंत्र बसविले होते. ते पिलू २०२२ च्या ऑक्टोबरात अलास्काहून निघाले आणि पॅसिफिक महासागर ओलांडून, वाटेत कोठेही न उतरता, अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटरवरील टास्मानियास पोहोचले. पाण्यावर उतरून विसावा घेण्याची सोय या जातीस नाही. खाली बसले की बुडाले.

नातीने वहीतून मान वर करून विचारले, "आजा, छोट्या पक्ष्यांना वाट कोण दाखवतं? त्यांचे आईबाबा पुढे असतात का?"

गुरुजी आमच्याकडे पाहू लागले. याचे उत्तर शास्त्रज्ञांनी दिले आहे, आणि ते मनास चटका लावणारे आहे. यांपैकी अनेक जातींत थोरली मंडळी आधी निघून जातात. पिले उडती झाली की आईबाप दक्षिणेचा रस्ता धरतात. पिले मागे राहून काही आठवडे खातात, अंगात बळ धरतात आणि ज्या देशाचे नावही त्यांना ठाऊक नाही त्या देशाकडे एकटीच निघतात. दिशा त्यांच्या रक्तातच असते. सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकत्व यांवरून ती राखता येते, एवढे प्रयोगांनी कळले आहे. आमच्यासमोर टोचे मारणाऱ्या टिलव्यांपैकी ज्यांच्या पाठीवर पांढऱ्या रेघांची ठसठशीत खूण होती ती सारी या वर्षीची पिले. त्यांनी कशेळीची खाडी पूर्वी कधी पाहिली नव्हती.

"मग त्यांना आईबाबा इथं भेटतात?" असा पुढचा प्रश्न आला. त्यावर गुरुजीच म्हणाले, "एकाच चिखलात असतील बाय, पण ओळख राहत नसेल." आणि ते पुढे चालू लागले.

आपल्याकडे या प्रवासाचा पद्धतशीर अभ्यास मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने केला. ही संस्था १८८३ सालची. डॉ. सालिम अली यांच्या पुढाकाराने १९५९ च्या सुमारास तिने पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी अडकविण्याचे मोठे काम हाती घेतले. कोठे कडी चढली आणि कोठे सापडली, यांवरून रस्ते उमगत गेले. सालिम अलींचे नाव घेतले म्हणून आमच्या वाचकांस रुचेल असा तपशील सांगतो. लहानपणीच आईबापांचे छत्र हरपल्याने ते मुंबईस खेतवाडीत मामांच्या भरल्या घरात वाढले. तेथे त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला म्हणून मामांस विचारले, आणि मामांनी 'उगीच काय विचारतोस' म्हणून वाटेस न लावता पोरास चिठ्ठी देऊन या संस्थेत धाडले. पुढील सारा इतिहास त्या चिठ्ठीतून निघाला. घरात दहा माणसे असली की मुलाच्या दहा प्रश्नांपैकी एखाद्याला तरी उत्तर द्यावयास कोणी मोकळे सापडते, हा एकत्र कुटुंबाचा एक फायदा खरा.

दहाच्या सुमारास ऊन चढले, तेव्हा आम्ही तिवरांच्या सावलीस वळलो. तिवरे पाहून आमचे एक स्नेही दचकले. झाडेच्या झाडे करपल्यासारखी तपकिरी, पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. कोणी विष घातले की काय अशी शंका आली. गुरुजी हसले. पावसाळा सरताना एका पतंगाच्या अळ्या तिवरांवर पडतात आणि पाहता पाहता पानांचा फडशा उडवितात. सागाची पाने खाणारा जो पतंग, तोच हा. पुढील काही आठवड्यांत झाडांस नवी पालवी फुटते. खालच्या फांद्यांवर ती फुटूही लागली होती. अळ्यांच्या मेजवानीस साळुंक्या, कोतवाल जमले होते, आणि एक चातक. चातक येथे पावसाळ्याचा पाहुणा. मृगाबरोबर येणारा हा पक्षी आता आफ्रिकेकडे परतण्याच्या बेतात होता. एक पंगत उठत होती आणि दुसरी बसत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटाएवढ्या हजारो मुळ्या वर आलेल्या असतात. भरतीत बुडणाऱ्या, हवा नसलेल्या चिखलात झाडाने श्वास घ्यावा कसा, या प्रश्नाचे हे उत्तर. जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर टाकले जाते. पान जिभेस लावले तर खारट लागते, नातीने लावून पाहिले. मुळ्यांमध्ये निवट्या उड्या मारीत होत्या. मासा असून चिखलावर चालणारा हा प्राणी आमच्या स्वयंपाकघरात येत नसला तरी पाहण्यास फार मौजेचा. डोळे डोक्यावर बेडकासारखे, पुढचे पर कोपरासारखे वाकविलेले. अंग ओले असेपर्यंत तो कातडीतून हवा शोषतो. एक काळ्या टोपीचा खंड्या, पाठ गडद निळी आणि पोट नारिंगी, तिवराच्या फांदीवर बसून या निवट्यांवरच नजर ठेवून होता. सकाळपासून पाहिलेल्या पक्ष्यांत सर्वांत देखणा तोच. त्याने आम्हांस पाऊण मिनिटाहून अधिक दर्शन दिले नाही. चिखलात कोल्ह्याच्या पावलांची एक ओळ तिवरांतून निघून तिवरांतच गेली होती. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांतील तिवरांत कोल्हे आजही आहेत, हे पुष्कळांस खरे वाटत नाही. खेकडे, उंदीर आणि माणसांनी टाकलेले उष्टे यांवर त्यांचा निर्वाह चालतो.

परततांना खाचराच्या कडेच्या बाभळीवर सुगरणींची घरटी लागली. काही पुरी, काही अर्धवट टोपीसारखी लोंबणारी. येथे भाषेने एक अन्याय करून ठेवला आहे तो सांगितलाच पाहिजे. घरटे विणतो तो नर. नाव मात्र स्त्रीलिंगी. सालिम अलींनी अलिबागेजवळ किहीम येथे ही घरटी दिवसचे दिवस न्याहाळून जे प्रसिद्ध केले ते असे: नर अर्धे घरटे विणून थांबतो, माद्या येऊन आतून बाहेरून पाहणी करतात, एखादीने पसंत केले तरच तो खालचा बोगदा विणून ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा गृहस्थ दुसरे घरटे विणावयास घेऊन दुसरीची वाट पाहतो. बाभळीवरील अर्धवट घरटी ही नापसंतीची खूण. सौ. वाचकांनी हा परिच्छेद यजमानांस वाचून दाखवावा की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

दुपारी गुरुजींच्या घरी तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे यांवर आमची पंगत बसली, आणि तेथे जो विषय निघाला त्याने सकाळच्या साऱ्या आनंदास एक निराळे वजन आले. बांधालगतची ती भातजमीन गोदामासाठी भाड्याने द्यावी असा प्रस्ताव घरापुढे आहे. प्रस्ताव मांडणारा गुरुजींचा पुतण्या. तो स्वतः एका गोदामात देखरेखीच्या कामावर आहे. मुलगा सरळ, कष्टाळू, आणि त्याचा हिशेब चूक नाही. खाजणातील भाताचे वर्षाचे उत्पन्न गोदामाच्या एका महिन्याच्या भाड्याइतकेही नाही. त्यातच बांध दरवर्षी चिखलाने लिंपावा लागतो, उघाडीच्या फळ्या सांभाळाव्या लागतात. त्याला मजूर मिळत नाहीत, आणि घरातले तरुण हात नोकरीवर.

आम्ही कायद्याचा आधार घेऊन पाहिला. तिवरे असलेली जमीन किनारा नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात पडते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात तिवरांची तोड ही संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाने दिलेल्या जगण्याच्या हक्कावरच आघात करणारी ठरविली आणि तिवरांभोवतीची पन्नास मीटरांची पट्टीही राखावयास सांगितली. पुतण्यास हे सारे आमच्याहून चांगले ठाऊक होते. तो म्हणाला, "काका, आपली खाचरं त्या पट्टीच्या अलीकडं येतात. म्हणूनच म्हणतो, आता ठरवा. उद्या बांध फुटला, खारं पाणी आत आलं, तर दोन पावसाळ्यांत तिवरं उगवतील. मग भातही नाही आणि भाडंही नाही."

यात अतिशयोक्ती नाही. कोकणपट्टीत बांध फुटून खाजणे तिवरांखाली गेल्याची उदाहरणे गावोगाव आहेत. तिवरे वाढली की कायदा त्यांचे रक्षण करतो, हे योग्यच. परंतु ज्याची जमीन गेली त्यास त्याचे काय? आणि येथेच आम्हांस सकाळची ती दीडशे पक्ष्यांची रांग आठवली. ते पक्षी भरतीच्या वेळी तिवरांत उतरले नव्हते. लांब पायांच्या व लांब पंखांच्या त्या मंडळींस दाट झाडी सोसत नाही, शत्रू दिसेल अशी मोकळी जागा लागते. ती जागा म्हणजे गुरुजींचे खाचर. खाडीतील चिखल राखला, तिवरे राखली आणि खाचराच्या जागी पत्र्याचे छप्पर आले, तर जेवण्याचे पान शिल्लक राहील पण भरतीचे सहा तास टेकावयास पाट राहणार नाही. कायद्याने तिवर पाहिले, हे खाचर त्याच्या नजरेस आलेले नाही.

पंचतंत्रात टिट्टिभाची गोष्ट आहे. समुद्राने टिटवीची अंडी गिळली, तेव्हा पक्ष्यांनी गरुडास आणि गरुडाने विष्णूस साकडे घालून समुद्राकडून ती परत आणविली. हल्ली समुद्र एवढा अपराधी राहिलेला नाही. कशेळी-काल्हेरच्या पात्रातून यंत्रांनी वाळू उपसली जाते, काठ ढासळतो, वरून कल्याण-भिवंडीकडील सांडपाणी येते. अंडी कोणी गिळली हे विचारावयाचे झाल्यास गरुडाने कोणाच्या दारी जावे हा प्रश्नच आहे.

ठाणे खाडीच्या वाट्यास तुलनेने भाग्य आले. तेथे रोहित पक्षी हजारोंनी उतरतात, गुलाबी दिसतात, छायाचित्रांत शोभतात. २०१५ साली तेथील सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र त्यांच्या नावाने अभयारण्य झाले आणि २०२२ साली ती खाडी रामसर कराराच्या यादीत गेली. उल्हासच्या या अंगास तशी कोणतीही पाटी नाही. येथले पाहुणे चिखलाच्या रंगाचे आहेत, त्यांची मिरवणूक निघत नाही.

गुरुजी या चर्चेत फारसे बोलले नाहीत. जमीन तिघा भावांच्या नावे आहे. थोरले बंधू मुलाकडे पुण्यास असतात. ते दिवाळीत येतील तेव्हा बसून ठरावयाचे आहे. धाकटे पुतण्याच्या बाजूचे आहेत. घरातील बायकांस कोणी विचारले नव्हते, आम्ही विचारले. गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, "भात घरचं नसलं तर बाजारातून आणू. पण एकदा छप्पर पडलं की मग ह्यांनी सकाळी उठून जायचं कुठं?"

चारनंतर आम्ही पुन्हा बांधावर गेलो. पाणी परत चढू लागले होते. दलदलीवरून एक भोवत्या पंख उचलून तरंगत गेला, त्यासरशी सगळे टिलवे एकदम उठले; वळताना पांढरे चमकले, पुन्हा वळताना दिसेनासे झाले. नातीच्या वहीत एकेचाळीस जाती भरल्या होत्या, त्यांतील दोन नावांपुढे तिने प्रश्नचिन्ह ठेवले होते. सूर्य येऊरच्या मागे गेल्यावर तिवरांतून एका कोल्ह्याने सूर धरला, दुसऱ्याने उचलला, आणि त्यावर गोदामांच्या बाजूची कुत्री भुंकू लागली.

ज्यांस जावयाचे असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. षष्ठी ते नवमी या तिथी, शुद्ध असोत वा वद्य, सकाळी मोकळ्या असणाऱ्यांस सोयीच्या; पहाटेची भरती ओसरताना पक्षी बांधालगत मिळतात. बांध खाजगी मालकीचे आहेत, तेव्हा गावात विचारून, कोणास तरी बरोबर घेऊन जावे. मुलांना अवश्य न्यावे, भडक रंगाचे कपडे मात्र घालू नयेत. पायांत जुन्या चपला असाव्यात, दुर्बीण दोन माणसांत एक तरी, आणि मुलगी बरोबर असल्यास तिची वेगळी. मार्गशीर्षापर्यंत संख्या वाढत जाते. चैत्र-वैशाखात सारे पुन्हा उत्तरेस निघतात.